सासवण्याचे शिल्पकार कै. नानासाहेब करमरकर

भिंतीवर कोळशाने चित्रे काढणाऱ्या मुलास आपल्याकडे सहसा शाबासकी मिळत नाही. भिंत नुकतीच सारवलेली असते, सण तोंडावर आलेला असतो, आणि त्या पांढऱ्या पोतेऱ्यावर कोणी घोडा किंवा कुत्रा काढून ठेवला म्हणजे घरातील वडील माणसांस राग येणे साहजिकच आहे. आम्ही त्या रागास दोष देत नाही. परंतु आज ज्यांची हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो, त्या विनायक पांडुरंग करमरकर ह्यांच्या आयुष्याची दिशा अशाच एका भिंतीने ठरविली.

करमरकरांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजी अलिबागेजवळच्या सासवणे गावी झाला. त्या वेळी हा मुलूख कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. आता त्यास रायगड जिल्हा म्हणतात. गाव समुद्रकाठचे, नारळी-पोफळीच्या वाड्यांचे. घरी गणपतीच्या मूर्ती घडविण्याची रीत होती. तेव्हा मातीशी ओळख करून घेण्यास ह्या मुलास कोणत्याही शाळेत जावे लागले नाही. ओली माती बोटांखाली कशी वळते, कोठे तडकते, किती पाणी तिला पुरे होते, हे ज्ञान पुस्तकात नसते. ते लहानपणीच हातास लागले तर लागते.

गावच्या राममंदिराच्या भिंतीवर ह्या मुलाने श्रीशिवछत्रपतींचे अश्वारूढ चित्र काढले. जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड फिरतीवर गावी आले असता त्यांच्या दृष्टीस ते पडले. हे कोणी काढले, अशी त्यांनी चौकशी केली, मुलास बोलावून घेतले, आणि पुढे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत त्याची सोय लावून दिली. ह्यात दैवाचा भाग होता, हे कोण नाकारील? कलेक्टरांचा मुक्काम दुसऱ्या गावी पडता, किंवा देवळाची भिंत त्याच्या आदल्या आठवड्यात पांढरी केली जाती, तर पुढचे काहीच घडले नसते. पण केवळ दैव म्हणून सोडून देणेही आम्हास बरोबर वाटत नाही. सरकारी कामाच्या घाईत असलेला मनुष्य ज्याच्यापुढे थांबतो, त्या चित्रात थांबण्याजोगे काही तरी असावे लागते.

घोडा काढणे किती कठीण आहे, हे ज्याने प्रयत्न केला आहे त्यासच ठाऊक. आमच्या बालाघाटच्या डोंगरात, कपिलधारच्या आसपासच्या माळावर धनगरांचा वाडा उतरतो, तेव्हा सामान वाहणारी घोडी व मेंढरांची राखण करणारा कुत्रा आमच्या विद्यार्थ्यांनी अनेक वेळा पाहिला असेल. त्यांनी एकदा डोळे मिटून स्वतःस विचारावे की, घोड्याचा मागचा पाय कोठे वाकतो? पुष्कळांस वाटते की घोड्याचा मागचा गुडघा उलटा असतो. वास्तविक तो गुडघा नव्हेच. ती त्याची टाच होय. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेशी असतो. घोडा आपल्या प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो, आणि खूर म्हणजे त्या बोटाचे नख. हे समजल्यावाचून काढलेला घोडा मेजाच्या पायांवर उभा केल्यासारखा दिसतो.

म्हणूनच पाश्चात्य देशांतही घोड्यांची चित्रे काढणाऱ्यांनी ह्या एका प्राण्यापायी आयुष्ये वेचली. इंग्लंडातील जॉर्ज स्टब्स ह्याने एका खेड्यातील एकांतातल्या घरी सुमारे दीड वर्ष राहून मेलेल्या घोड्यांची एकेक स्नायूपर्यंत चिरफाड केली, आणि त्यावरून तयार केलेला घोड्याच्या शरीररचनेचा ग्रंथ १७६६ साली प्रसिद्ध केला. फ्रान्समधील रोझा बॉनर ही बाई पॅरिसच्या घोडेबाजारात पुरुषी वेष करून जात असे, आणि तसा वेष करण्यास तिला पोलिसांचा परवाना काढावा लागला होता! तिचे घोडेबाजाराचे प्रचंड चित्र १८५३ साली प्रदर्शनात मांडले गेले. तरीही घोडा चौखूर धावताना त्याचे पाय नेमके कसे पडतात, हे १८७८ साली अमेरिकेत मायब्रिज ह्याने एकापाठोपाठ एक छायाचित्रे घेईपर्यंत कोणासच खात्रीने सांगता येत नव्हते. मनुष्याने हजारो वर्षे ज्याच्या पाठीवर प्रवास केला त्या प्राण्याची ही गोष्ट!

मुंबईचे शिक्षण पुरे झाल्यावर करमरकरांस दुसरा एक कदरदान भेटला. रवींद्रनाथ ठाकुरांचे पुतणे सुरेंद्रनाथ ठाकूर ह्यांनी त्यांस कलकत्त्यास नेले. तेथे १९१६ च्या सुमारास त्यांनी आपली कार्यशाळा थाटली आणि थोरामोठ्यांचे अर्धपुतळे घडविण्यात नाव मिळविले. पुढे १९२० साली ते इंग्लंडला गेले व लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्यांनी अभ्यास केला. परत आल्यावर काही काळ कलकत्त्यास काढून ते मुंबईस स्थायिक झाले. ह्या वर्षांविषयी अधिक लिहिण्याचा मोह आम्ही आवरतो, कारण ज्या कामासाठी महाराष्ट्र त्यांस ओळखतो ते आता पुढे येत आहे.

पुण्यास शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा उभारावा, ही कल्पना कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींची. १९२१ च्या नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्स ह्यांच्या हस्ते कोनशिला बसली. पण दुसऱ्याच वर्षी, ६ मे १९२२ रोजी, शाहू महाराज निवर्तले. चिरंजीव राजाराम महाराजांनी वडिलांचे काम पुढे चालविले आणि पुतळा घडविण्याची जबाबदारी अखेर करमरकरांकडे आली. देवळाच्या भिंतीवर पोरवयात जो विषय काढला, तोच आता धातूत, पूर्णाकृतीहून मोठा, साऱ्या महाराष्ट्रासमोर उभा करावयाचा होता.

पुतळा काही एकदम धातूचा होत नाही, हे आमच्या लहान वाचकांस सांगितले पाहिजे. प्रथम लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा करतात व त्यावर माती चढवितात. माती वाळून तडकू नये म्हणून तिला दिवसरात्र ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवावे लागते. मातीचे काम मनासारखे झाले की त्यावरून प्लॅस्टरचा साचा घेतात, साच्यातून प्लॅस्टरची प्रतिमा काढतात, आणि मग ओतकामासाठी पुन्हा साचा. अश्वारूढ पुतळ्यात आणखी एक संकट असते. घोड्याचे धड जड, वर स्वार, आणि हा सारा भार चार बारीक पायांवर. दगडात असा घोडा करावयाचा तर पोटाखाली टेकू ठेवावा लागतो, नाही तर पाय मोडतात. पंचरस धातू चिवट असतो व पुतळा आतून पोकळ ठेवता येतो, म्हणून तेथे टेकूवाचून निभावते. करमरकरांनी ह्या कामासाठी जिवंत घोडा समोर ठेवला होता. ज्या लोकांनी उभा जन्म घोडी पाहिली, त्या मराठी सरदार-शिलेदारांच्या वंशजांपुढे हा घोडा जावयाचा होता. तेथे चूक लपली नसती.

एवढा मोठा पुतळा तुकड्यातुकड्यांनी ओतून मागाहून सांधण्याची वहिवाट आहे. त्यात धोका कमी. एक तुकडा बिघडला तर तेवढाच पुन्हा ओतावा. करमरकरांनी मुंबईस माझगावच्या गोदीत तो एकसंध ओतविला. ह्यात केवढे साहस होते, ते पाहावे. वितळलेला रस एकाच ओघात साच्याच्या कानाकोपऱ्यांत गेला पाहिजे. वाटेत तो थोडा थिजला तर तेथे फट राहते. हवा कोंडली तर पोकळी पडते. साचा फुटला तर पाहणाऱ्यांच्या जिवावर बेततेच, आणि कित्येक महिन्यांचे श्रम घटकाभरात मातीस मिळतात. ते सर्व निर्विघ्न पार पडले. सुमारे साडेतेरा फूट उंचीचा व आठ टन वजनाचा तो पुतळा पुण्यास नेण्यात आला, आणि १९२८ च्या जूनमध्ये मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन ह्यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. पुण्याच्या शिवाजीनगर भागात, श्रीशिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात तो आजही उभा आहे.

एवढे यश पदरी पडल्यावर मनुष्याने राजेमहाराजांचेच पुतळे करीत राहावे, असे जगाच्या रीतीस धरून झाले असते. करमरकरांनी तशी कामे केलीही. पोटाचा व्यवसाय कोणास सुटला आहे? पण आम्हास त्यांचे जे काम सर्वांत प्रिय वाटते, ते त्यांना कोणी सांगितलेले नव्हते आणि त्याचे पैसेही कोणी मोजले नव्हते. आपल्या सासवण्याच्या घरी त्यांनी गावची माणसे घडविली, कोळिणी घडविल्या, आणि घराभोवती वावरणारी जनावरेही घडविली. त्यांत म्हैस आहे, कुत्रा आहे. ह्यासाठी त्यांनी सिमेंटचा उपयोग केला. सिमेंट हे पूल व इमारती बांधण्याचे द्रव्य. त्यास कलेच्या दरबारी तेव्हा कोणी विचारीत नसे. परंतु ते स्वस्त, पाऊसपाण्यास टिकणारे, आणि म्हशीच्या राखट, खरखरीत कातड्यास तर जणू त्याहून योग्य द्रव्य सापडलेच नसते.

त्यांची ती म्हैस पाहणाऱ्यास क्षणभर खरीच वाटते. तिच्या अंगाचे जडपण, बरगड्यांवरून ओघळलेले कातडे, तोंडावरचा तो कशाचीच घाई नसलेला भाव, ह्यांत कोठेही थट्टा नाही की उगीच चढविलेले सौंदर्य नाही. छत्रपतींच्या घोड्याकडे ज्या आदराने त्यांनी पाहिले, त्याच आदराने ह्या मुक्या जनावराकडे पाहिलेले दिसते. कुत्र्याचेही तसेच. मोठ्या माणसाचा पुतळा बिघडला तर समित्या तक्रार करतात, वर्तमानपत्रे लिहितात. म्हशीच्या वतीने तक्रार करणारे कोणी नसते. तेथे हात राखून काम केले असते तरी चालले असते. करमरकरांनी ते केले नाही.

भारत सरकारने त्यांस पद्मश्री ही पदवी दिली, आणि ललित कला अकादमीनेही त्यांचा गौरव केला. १९६७ साली त्यांचे देहावसान झाले. त्यांचे सासवण्याचे घर त्यांच्या कुटुंबीयांनी शिल्पालय म्हणून जतन केले असून तेथे शंभराहून अधिक शिल्पे पाहावयास मिळतात; शंख फुंकणाऱ्या स्त्रीचे त्यांचे नामांकित शिल्पही त्यांचेच. मुंबईहून येणारे लोक बोटीने मांडव्यास उतरतात आणि तेथून थोडक्या वेळात सासवण्यास पोहोचतात. आत जाण्यापूर्वीच दारची जनावरे त्यांस भेटतात, आणि लहान मुले तर मोठ्यांचा हात सोडून आधी त्यांच्याकडेच धाव घेतात.