झाक-ईव्ह कुस्तो : दोराचे दुसरे टोक

बेळगाव आणि आसपासच्या गावांत वाढलेले आमच्या पिढीतले बहुतेक जण विहिरीत पोहायला शिकले. उन्हाळ्याची सुट्टी लागली की कमरेला दोर, पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर वाळलेला भोपळा, आणि काठावर दोराचे दुसरे टोक धरून उभे असलेले काका किंवा मामा. आपण हातपाय किती मारतो यापेक्षा वर दोर कोणाच्या हातात आहे, यावर आपला धीर अवलंबून असे. आज आपल्या मंडळातल्या घरांतली मुले मालवण-तारकर्लीला किंवा गोव्याला जाऊन स्कूबा डायव्हिंग करतात आणि पाठीवर सिलिंडर, तोंडात नळी असा फोटो आजी-आजोबांना पाठवतात. ज्या साधनामुळे ही हौस सामान्य माणसाच्या आवाक्यात आली, ते घडवणाऱ्या दोघांपैकी एक म्हणजे फ्रान्सचे झाक-ईव्ह कुस्तो. जग त्यांना समुद्राचा माणूस म्हणून ओळखते. पण त्यांना घडवणारे काही मोठे धडे तळे, नदी आणि झरा अशा गोड्या पाण्यात मिळाले, आणि त्या धड्यांत त्यांच्या मित्रांचा वाटा फार मोठा होता. म्हणून त्यांचे चरित्र येथे सांगावेसे वाटले.

कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समध्ये, बोर्दो शहराजवळच्या सेंट-आंद्रे-द-क्युबझाक या गावी झाला. प्रकृती तोळामासा, पण पाण्याची ओढ लहानपणापासून. वडील अमेरिकन उद्योजकांकडे नोकरीला असल्यामुळे १९२० च्या सुमारास हे कुटुंब काही काळ न्यूयॉर्कला राहिले. तेथून या मुलाला व्हरमाँट राज्यातल्या हार्वे तळ्याकाठच्या उन्हाळी शिबिराला पाठवण्यात आले. पाण्यात उड्या मारायच्या फळीखाली तळाशी झाडांच्या फांद्या साचल्या होत्या, आणि त्या काढायचे काम त्याच्याकडे आले. डोळ्यांवर चष्मा नाही, पाणी गढूळ, फांद्या चिखलात रुतलेल्या. काम नावडतेच होते. पण श्वास रोखून खाली राहण्याची सवय तेथे लागली, आणि पाण्याखाली काही काम करता येते हेही तेथेच कळले.

मोठेपणी ते नौदलात शिरले. मनात मात्र वैमानिक व्हायचे होते. १९३६ साली रात्रीच्या वेळी मोटार चालवताना मोठा अपघात झाला आणि दोन्ही हात जायबंदी झाले. एक हात कापावा लागेल असे डॉक्टरांचे मत पडले, ते त्यांनी मानले नाही. बोटे पुन्हा हलायला कित्येक महिने लागले. विमानाचे स्वप्न तेथेच संपले. पुढे तुलाँ बंदरात नेमणूक असताना फिलिप ताइये या नौदलातल्या वयाने मोठ्या मित्राने, हातांत बळ यावे म्हणून रोज समुद्रात पोहायचा सल्ला दिला. पाण्यात पाहता येईल असा चष्माही याच मैत्रीतून डोळ्यांवर आला. पुढे भाल्याने मासे मारण्यात तरबेज असलेला फ्रेडरिक द्युमा त्यांना येऊन मिळाला. हे तिघे समुद्राचे तीन शिलेदार म्हणून ओळखले जाऊ लागले. १९३७ साली कुस्तो यांचा सिमोन मेल्शिऑर यांच्याशी विवाह झाला.

तिघांची हौस एकच होती, वरच्या जगाशी जोडलेल्या नळीवाचून पाण्याखाली मोकळे फिरायचे. पण श्वास संपला की वर यावेच लागे. कुस्तो यांनी शुद्ध प्राणवायूचे साधन वापरून पाहिले. ठरावीक खोलीच्या पलीकडे शुद्ध प्राणवायू विषासारखा बाधतो. दोन वेळा त्यांना पाण्यातच झटके आले आणि जीव थोडक्यात वाचला. हवी होती साधी दाबाने भरलेली हवा. ती माणूस श्वास घेईल तेव्हाच, आणि भोवतालच्या पाण्याचा दाब जितका असेल तितक्याच दाबाने मिळायला हवी होती.

सिमोन यांचे वडील वायू बनवणाऱ्या एअर लिक्विड या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्या ओळखीने डिसेंबर १९४२ मध्ये पॅरिसमध्ये एमिल गान्याँ या इंजिनिअरची गाठ पडली. महायुद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हते आणि लोक मोटारी गॅसवर चालवत होते. इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडणारी एक झडप गान्याँ यांनी तयार केली होती. इंजिनाच्या जागी माणसाची छाती आहे असे समजून त्यांनी तीच झडप बदलून घेतली.

पहिली परीक्षा झाली जानेवारी १९४३ मध्ये, पॅरिसजवळच्या मार्न नदीत. थंडीचे दिवस, देशावर जर्मनांचा ताबा, आणि काठावर उभे गान्याँ. कुस्तो आडवे पोहत होते तोवर हवा व्यवस्थित येत होती. उभे राहिले की बुडबुड्यांचा लोट सुटून हवा वाया जाई, आणि डोके खाली केले की श्वास ओढता ओढवत नसे. दोघेही खट्टू झाले. पण परतीच्या वाटेतच त्यांना कारण उमगले. हवा आत येण्याची जागा आणि उच्छ्वास बाहेर टाकण्याची जागा यांत थोडे अंतर होते. माणूस उभा राहिला की एक जागा वर आणि दुसरी खाली जाई, आणि तेवढ्याशा उंचीच्या फरकाने पाण्याचा दाब बदले. दोन्ही जागा एका पातळीवर आणल्या आणि दोष गेला. या साधनालाच पुढे अ‍ॅक्वालंग हे नाव पडले. नंतर कुस्तो जगभर गाजले, त्या मानाने गान्याँ यांचे नाव मागे राहिले. पण हे काम दोघांचे होते, हे विसरता येणार नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये बांदोलच्या किनाऱ्यावर कुस्तो नवे साधन घेऊन समुद्रात उतरले. सिमोन वर पृष्ठभागावर पोहत त्यांच्यावर नजर ठेवून होत्या. किनाऱ्यावर द्युमा तयारीत बसले होते, कारण सिमोननी खूण केली तर क्षणात खाली जायचे होते. तशी वेळ आली नाही. कुस्तो खाली कोलांट्या मारून, एका बोटावर उलटे उभे राहून, जेवणासाठी लॉबस्टर घेऊन वर आले.

खरी कसोटी लागली ती २७ ऑगस्ट १९४६ रोजी, पुन्हा गोड्या पाण्यातच. फ्रान्सच्या दक्षिणेस आव्हिन्योंजवळ फाँतेन-द-व्होक्लूझ या गावी कड्याच्या पायथ्याशी एक गुहा आहे, आणि गुहेत एक खोल झरा. एरवी हे पाणी संथ असते, पण पावसाळी दिवसांत तेच उसळून बाहेर पडते. सॉर्ग नदीचा उगम तो हाच. एवढे पाणी येते कोठून, हे कोडे कुस्तो आणि मित्रांना सोडवायचे होते.

कुस्तो आणि द्युमा एकमेकांना दोराने बांधून अंधारात उतरले. वाट दाखवणारा दुसरा दोर खाली सोडला होता, आणि त्याचे वरचे टोक मोरीस फार्ग या सहकाऱ्याच्या हातात होते. खुणा ठरल्या होत्या. तीन हिसके म्हणजे आणखी दोर सोड, सहा म्हणजे संकट आहे, वर ओढ. सुमारे ४५ मीटरवर पोहोचल्यावर कुस्तो यांचे डोके जड झाले. आपण येथे कशासाठी आलो हेच आठवेना. द्युमांची अवस्था त्याहून वाईट होती. त्यांच्या रबरी पोशाखात पाणी शिरले होते आणि तोंडातली नळी सुटत होती. मित्राचे ओझे घेऊन कुस्तो दोराला धरून वर चढू लागले. पण ते जितका दोर ओढत, तितका फार्ग वरून सोडत होते. खालून येणाऱ्या ओढीचा अर्थ वर आणखी दोर हवा असा लागत होता. चढणारा माणूस जागच्या जागीच राहत होता.

शेवटी फार्ग यांना काही वेगळे जाणवले. संकटाची खूण काही नीट पोहोचली नव्हती. उगाच ओढले तर खालचे दोघे रागावतील, इतकेच होईल, असा विचार करून त्यांनी दोर वर खेचायला सुरुवात केली. या एका निर्णयाने दोन जीव वाचले. त्याच वेळी सिमोन गावातल्या कॅफेत बसल्या होत्या, कारण काठावर उभे राहून वाट पाहणे त्यांना सोसवेना. कोणीतरी येऊन एक पाणबुड्या बुडाल्याचे सांगितले. त्यांनी मुखवट्याचा रंग विचारला. तांबडा, असे उत्तर आले. पतीचा मुखवटा निळा होता. क्षणभर जीव भांड्यात पडला, आणि लगेच तांबडा मुखवटा घालणाऱ्या द्युमांची आठवण होऊन त्या धावत सुटल्या. बातमी खोटी ठरली, दोघेही जिवंत होते.

एवढे होऊनही ताइये आणि आणखी एक सहकारी त्याच दिवशी खाली गेले. त्यांनाही तोच त्रास झाला. तुलाँला परतल्यावर सिलिंडरमधली हवा तपासली, तेव्हा दोष ना झऱ्याचा ठरला ना माणसांचा. सिलिंडर भरणारा कॉम्प्रेसर आपल्याच इंजिनाचा धूर आत ओढत होता. हवेत दोन हजारांत एक भाग कार्बन मोनॉक्साइड मिसळला होता. पृष्ठभागावर त्याचा त्रास इतका जाणवला नसता, पण ४५ मीटर खोलीवर दाब साडेपाच पटींवर जातो, आणि त्या विषाचा परिणामही तितकाच वाढतो. झऱ्याचे कोडे तसेच राहिले. खाली नेण्याची हवा कोठून भरली हे आधी पाहावे लागते, हा धडा मात्र मिळाला.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९४७ मध्ये, माणूस या साधनाने किती खोल जाऊ शकतो हे पाहण्यासाठी तुलाँजवळ समुद्रात चाचण्या चालू होत्या. त्या दिवशी फार्ग खाली होते आणि दोर मित्रांच्या हातात होता. सारे ठीक असल्याचे हिसके येत होते, मग ते थांबले. मित्रांनी जिवाच्या आकांताने दोर ओढला. फार्ग वर आले ते निश्चेष्ट. कित्येक तास प्रयत्न झाले, पण ते शुद्धीवर आले नाहीत. खोलीच्या खुणेसाठी बांधलेल्या पाटीवर १२० मीटरपाशी त्यांची सही आढळली. व्होक्लूझला ज्याने दोन मित्रांना ओढून काढले, त्याला ओढून काढण्यात ते मित्र कमी पडले. त्यानंतर या मंडळींनी ९० मीटर ही मर्यादा ठरवून घेतली.

पुढचे आयुष्य बहुतेकांना माहीत आहे. १९५० मध्ये कॅलिप्सो ही जुनी बोट एका ब्रिटिश धनिकाने घेऊन वर्षाला एक फ्रँक इतक्या नाममात्र भाड्याने त्यांना दिली. १९५३ मध्ये द्युमा यांच्यासह लिहिलेले पुस्तक आले. १९५६ मध्ये त्यावरून निघालेल्या चित्रपटाला कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, ऑस्करही मिळाले. १९५७ पासून मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाचे ते अनेक वर्षे संचालक होते. त्यांच्या दूरचित्रवाणी मालिकांनी पाण्याखालचे जग घराघरांत नेले.

त्यांच्या हातून चुकाही झाल्या. त्या गाजलेल्या चित्रपटात मासे मोजण्यासाठी प्रवाळात सुरुंग लावलेला दिसतो आणि शार्क मारलेले दिसतात. आज ते पाहवत नाही. पण १९६० मध्ये भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्याचा बेत झाला, तेव्हा विरोधाला उभे राहिलेल्यांत ते अग्रभागी होते, आणि उरलेले आयुष्य त्यांनी पाणी वाचवण्याच्या कामाला दिले.

गोड्या पाण्याचा संबंधही सुटला नाही. १९६८ मध्ये ते ३,८०० मीटर उंचीवरच्या टिटिकाका सरोवरात उतरले. अशा उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने वर येताना पाणबुड्याला समुद्रापेक्षा अधिक सावध राहावे लागते. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी अ‍ॅमेझॉन नदीची मोहीम काढली. पण नदीने त्यांच्याकडून घेतलेही. २८ जून १९७९ रोजी त्यांचा धाकटा मुलगा आणि मोहिमांतला साथीदार फिलिप लिस्बनजवळ तेजो नदीत पाण्यावर उतरणाऱ्या विमानाच्या अपघातात गेला. १९९० मध्ये सिमोन वारल्या. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरा विवाह केला. जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूरला एका बार्जची धडक बसून कॅलिप्सो बुडाली. २५ जून १९९७ रोजी पॅरिसमध्ये कुस्तो यांचे निधन झाले, आणि जन्मगावीच त्यांचे दफन झाले.

आज हौशी पाणबुड्यांना पहिल्याच दिवशी शिकवतात की एकट्याने खाली जायचे नाही, आणि उतरण्याआधी जोडीदाराचे साधन आपण व आपले त्याने तपासायचे. सुट्टीत आपली मुले समुद्रात किंवा तलावात डायव्हिंगला निघाली, तर पालकांनी दोन गोष्टी विचाराव्यात. सिलिंडर कोठे भरले आणि कोणी तपासले? आणि खाली सोबत कोण असणार? या प्रश्नांना घाबरटपणा समजू नये. व्होक्लूझच्या झऱ्यात आणि तुलाँच्या समुद्रात त्यांची किंमत मोजली गेली आहे.

आपल्या विहिरीतल्या पोहण्याच्या आठवणी सभासदांनी अवश्य लिहून पाठवाव्यात. मात्र वर दोर धरून कोण उभे होते, ते नाव लिहायला विसरू नये.