पैलतीरावरची दीपमाळ

नोकरीतली जागा गेली की माणूस घरात तोंड लपवून बसतो. चोखोबारायांची तर उभे राहण्यापुरतीच जागा होती, तीही गेली.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले, देऊळगाव राजाजवळचे मेहुणाराजा हे त्यांचे जन्मगाव. मेलेली ढोरे ओढायची, पडेल ते काम करायचे, आणि पंढरीला महाद्वाराबाहेरून विठोबाला हात जोडायचे. राऊळात जायला त्यांच्या जातीला मनाई. एकदा देवाचा हार त्यांच्यापाशी सापडला म्हणे! चोरीचा आळ आला, मार बसला, पंढरीच बंद झाली, अशी कथा सांगतात.

चोखोबा चंद्रभागेच्या पैलतीरी गेले आणि तिथे त्यांनी दीपमाळ उभारली. आपल्याला जाता येत नाही ना? उजेड तर जाईल! अभंग चालूच होते. पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, सारे घरच अभंग रचणारे.

पुढे मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करताना, शके १२६० (इ. स. १३३८) मध्ये, भिंत कोसळून चोखोबा गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारापाशीच समाधी बांधली. त्यांची जागा त्यांना तिथेच परत मिळाली. राऊळ मात्र त्यांच्या माणसांना खुले झाले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर.