अमृता शेर-गिल

अमृता शेर-गिल (जन्म : बुडापेस्ट, ३० जानेवारी १९१३, मृत्यू : लाहोर, ५ डिसेंबर १९४१) या आधुनिक भारतीय चित्रकलेच्या प्रवर्तकांपैकी एक मानल्या जाणाऱ्या चित्रकार होत्या. युरोपीय तैलचित्रणाचे शिक्षण आणि अजिंठ्याची भित्तिचित्रे, मुघल व पहाडी लघुचित्रे यांचा अभ्यास यांच्या मेळातून त्यांनी स्वतःची शैली घडवली.

जीवन आणि शिक्षण

त्यांचे वडील उमरावसिंग शेर-गिल हे संस्कृत व फार्सीचे अभ्यासक आणि हौशी छायाचित्रकार होते, तर आई मारी आंत्वानेत या हंगेरियन गायिका होत्या. बालपण हंगेरीत गेल्यावर १९२१ मध्ये हे कुटुंब सिमल्यास आले. मामा एर्विन बक्ताय या भारतविद्या-अभ्यासकांनी अमृता यांना प्रत्यक्ष व्यक्ती समोर बसवून रेखाटन करण्याचा सल्ला दिला. पुढील शिक्षणासाठी १९२९ मध्ये त्या पॅरिसला गेल्या आणि एकोल दे बोझार या कलाशाळेत ल्यूसियाँ सिमाँ यांच्या हाताखाली शिकल्या.

पॅरिसमधील कालखंड

या काळातील व्यक्तिचित्रे, आत्मचित्रे आणि नग्नचित्रे वास्तववादी वळणाची आहेत. ‘यंग गर्ल्स’ (१९३२) या चित्राला १९३३ मध्ये पॅरिसच्या ग्रँड सलाँमध्ये सुवर्णपदक मिळाले. सेझानकडून त्यांनी आकारांची घनता, तर गोगँकडून सपाट रंगक्षेत्रे व साधी बाह्यरेषा घेतली. ताहितियन स्त्रीच्या रूपात स्वतःला रंगवलेले १९३४ चे आत्मचित्र गोगँशी असलेले हे नाते उघड दाखवते. मात्र आपल्या कलेचे खरे क्षेत्र भारतच आहे, अशी त्यांची खात्री होत गेली. युरोपात मान्यता मिळू लागली असतानाच १९३४ च्या अखेरीस त्या भारतात परतल्या.

भारतातील पहिली चित्रे

सिमला येथे आणि गोरखपूरजवळील सराया या कुटुंबाच्या जहागिरीच्या गावी त्यांनी गरीब ग्रामस्थांना चित्रविषय केले. ‘हिल मेन’, ‘हिल विमेन’ आणि ‘थ्री गर्ल्स’ (तिन्ही १९३५) या चित्रांत हालचाल जवळजवळ नाही. स्थिर देह, झुकलेल्या नजरा आणि मंद रंग यांतून खिन्नता व्यक्त होते. समकालीन बंगाल शैलीची भावुकता त्यांना मान्य नव्हती. १९३५ मध्ये सिमल्याच्या कलासंस्थेने काही चित्रे नाकारून एका चित्राला पारितोषिक दिले, तेव्हा ते त्यांनी परत केले. ‘थ्री गर्ल्स’ला १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक लाभले.

अजिंठा आणि दक्षिणेचा प्रवास

१९३६ च्या अखेरीस मुंबईत त्यांची भेट कलासमीक्षक कार्ल खंडालावाला यांच्याशी झाली. भारतीय लघुचित्रांकडे त्यांचे लक्ष वेधण्यात खंडालावालांचा मोठा वाटा होता. त्यानंतर त्यांनी अजिंठा व वेरूळची लेणी पाहिली आणि दक्षिणेत कोचीनच्या मट्टनचेरी राजवाड्यातील भित्तिचित्रांचा अभ्यास केला. अजिंठ्यातील आकृतींची गोलाई आणि समूहरचना यांचा ठसा ‘ब्राइड्स टॉयलेट’, ‘ब्रह्मचारीज’ आणि ‘साउथ इंडियन व्हिलेजर्स गोइंग टू मार्केट’ (सर्व १९३७) या चित्रत्रयीवर दिसतो. बाह्य अनुकरण टाळून त्यांनी भित्तिचित्राची भव्यता तैलरंगांत आणली.

अखेरची वर्षे

१९३८ मध्ये हंगेरीत डॉ. व्हिक्टर एगान या मावसभावाशी विवाह करून त्या १९३९ मध्ये पुन्हा भारतात आल्या व सरायाला राहू लागल्या. येथील चित्रांत बसोली व मुघल लघुचित्रांचा प्रभाव वाढला. आकृती लहान झाल्या, भूदृश्याला महत्त्व आले आणि लाल, हिरवे रंग अधिक तेजस्वी झाले. ‘इन द लेडीज एन्क्लोजर’ (१९३८), ‘वुमन रेस्टिंग ऑन चारपॉय’ आणि ‘एन्शंट स्टोरी टेलर’ (दोन्ही १९४०) ही या वळणाची उदाहरणे होत. घराच्या चार भिंतींतील स्त्रियांचा कंटाळा आणि वाट पाहणे हा त्यांतील अनेक चित्रांचा आशय आहे.

१९४१ मध्ये हे दांपत्य लाहोरला गेले. तेथे प्रदर्शनाची तयारी चालू असताना अल्पशा आजाराने वयाच्या २८ व्या वर्षी अमृता यांचे निधन झाले. घराच्या गच्चीवरून दिसणाऱ्या दृश्याचे त्यांचे शेवटचे चित्र अपूर्ण राहिले.

वारसा

हयातीत त्यांच्या चित्रांना ग्राहक थोडे मिळाले. आज त्यांच्या कृतींना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा असून त्या देशाबाहेर विक्रीसाठी नेता येत नाहीत. नवी दिल्लीतील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे.