कॅप्टन किड आणि त्याचे कागद

मी आज तुम्हाला कॅप्टन विल्यम किड याची माहिती सांगतो. तो चाचे पकडायला निघाला आणि शेवटी स्वतःच चाचा ठरला. चाचा म्हंजे समुद्रावरचा दरोडेखोर. चाचा नेहरूंमधला चाचा वेगळा.

किडचा जन्म स्कॉटलंड देशात झाला. मोठेपणी तो वेस्ट इंडीज बेटांकडे, म्हंजे कॅरिबियन समुद्रात गेला. १६८९ साली तिथे तो इंग्रजांच्या बाजूने फ्रेंचांशी लढला. पण १६९० साली त्याच्याच खलाशांनी त्याचे जहाज पळवले. पुढे तो न्यूयॉर्कला राहिला व १६९१ साली त्याचे लग्न झाले.

नंतर इंग्लंडच्या राजाने त्याला चाचे व फ्रेंच जहाजे पकडायचा हुकूम दिला. १६९६ साली तो ३४ तोफांचे जहाज घेऊन निघाला आणि हिंदी महासागरात आला. लई दिवस काहीच मिळाले नाही. खलाशांना पगार नव्हता, लुटीतला वाटा होता. म्हणून ते कुरकुर करू लागले. १६९७ साली भांडणात किडने एका खलाशाच्या डोक्यात बादली मारली. तो मेला. हे किडने फार वाईट केले.

१६९८ साली केरळच्या बाजूला त्याने एक मोठे जहाज पकडले. त्यात रेशीम, मलमल, साखर होती. जहाजाजवळ फ्रेंचांचे परवाने होते, म्हणून आपण बरोबर केले असे किडला वाटले. पण त्यात मोगल दरबारातल्या सरदाराचाही माल होता. मोगल रागावले आणि इंग्रजांनी किडला चाचा ठरवले.

१६९९ साली कॅरिबियन समुद्रात पोचल्यावर त्याला हे कळले. त्याने ते जहाज तिथेच ठेवले. न्यूयॉर्कजवळच्या एका बेटावर थोडे सोने पुरले. परवाने मात्र त्याने गव्हर्नरसाहेबांकडे दिले. तरी बोस्टनला त्याला अटक झाली. लंडनच्या कोर्टात ते परवाने आलेच नाहीत. २३ मे १७०१ रोजी त्याला फाशी दिली. पहिल्यांदा दोर तुटला, म्हणून परत चढवले.

पुरलेले सोने सरकारने लगेच उकरून नेले. तरी लोक किडचा खजिना शोधत राहिले. २००७ साली कॅरिबियन समुद्रात त्या जहाजाच्या तोफा आणि नांगर सापडले. परवाने तर सुमारे २०० वर्षांनी लंडनच्या सरकारी दप्तरातच सापडले!

बादलीचा गुन्हा कागदाने पुसत नाही. पण ते कागद कोर्टापुढे यायला पाहिजे होते. माझी आजी जमिनीचे कागद पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवते. मी तिला हसायचो. आता हसत नाही.

– इयत्ता चौथी