ऑर्डर आधी, गाडी मागून : टोयोटाच्या किइचिरो तोयोदांची गोष्ट

नवी गाडी बुक करायला बेळगावात जा की इंदूरला, शोरूमवाला आधी रंग आणि व्हेरिएंट विचारतो, मग म्हणतो थोडं थांबावं लागेल. गाडी तयार असून मुद्दाम अडवून ठेवलीय, असा पुष्कळांचा समज असतो. खरं तर बऱ्याचदा ती गाडी अजून बनलेलीच नसते. महिन्याभरात लाइनवरून कोणत्या गाड्या, कोणत्या क्रमाने उतरणार हे कारखान्यात आधीच ठरतं. सुटे भागही त्याच हिशोबाने मागवलेले असतात. नव्या ऑर्डरला त्या रांगेत जागा मिळेपर्यंत वाट पाहावीच लागते.

गोदामं भरून न ठेवता अशी रांग लावायचा ध्यास घेतलेल्या माणसाचं नाव किइचिरो तोयोदा. टोयोटा मोटर कंपनीचे ते संस्थापक. न खपलेल्या गाड्या आणि थकलेली वसुली यांच्यापायीच त्यांना खुर्ची सोडावी लागली.

किइचिरोंचा जन्म 11 जून 1894 चा. वडील साकिची हे सुताराचे चिरंजीव आणि जपानातले नावाजलेले यंत्रमाग बनवणारे. धागा तुटला की आपोआप थांबणारा माग त्यांनी बनवला. किइचिरो तोक्योच्या विद्यापीठातून यंत्र अभियंता होऊन वडिलांच्याच धंद्यात आले. 1929 साली या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला विकण्याचा करार झाला. हिंदुस्थानातल्या कापड गिरण्यांना यंत्रं पुरवणारी हीच ती प्लॅट. पुढच्या वर्षी साकिची गेले आणि 1933 मध्ये मागाच्या कारखान्यातच मोटारींचा विभाग उघडला. (मागावरून मोटारीवर जाणं आपल्याला परकं वाटायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, तिथून ते नांगरावर आणि कारखान्यावर गेले. याच किर्लोस्कर घराण्याशी टोयोटाने 1997 साली भागीदारी केली आणि बंगळुरूजवळ बिडदीला कारखाना उभा राहिला.)

सुरुवात काही शानदार नव्हती. 1935 चा पहिला ट्रक लोकांना दाखवायला तोक्योला नेताना वाटेतच मोडला. तेव्हा जपानी बाजार फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या हातात होता. दोघांचेही जपानातच जुळणीचे कारखाने होते. 1936 मध्ये स्पर्धा घेऊन तोयोदाचं टोयोटा झालं, 1937 मध्ये स्वतंत्र कंपनी आली आणि 1938 मध्ये कोरोमो गावी मोठा कारखाना सुरू झाला.

या कारखान्यात किइचिरोंनी वेगळाच हिशोब मांडला. अमेरिकेत एकाच नमुन्याच्या लाखो गाड्या काढल्या तरी खपायच्या. जपानात गिऱ्हाईक थोडं, भांडवल त्याहून थोडं. भाग आधीच बनवून ठेवले तर पैसा गोदामात अडकणार. म्हणून लागेल तेवढंच, लागेल तेव्हाच बनवायचं आणि पुढच्या कामाला पोचवायचं, असं त्यांनी ठरवलं. कामाची पद्धत सविस्तर लिहून काढून माणसांना शिकवली. पण युद्ध आलं, कच्चा माल सरकारी वाटपाने मिळू लागला आणि सगळं बारगळलं.

युद्धानंतर तर उलटंच व्हायला लागलं. महिन्याचा पहिला अर्धा भाग सुट्या भागांची वाट पाहण्यात जायचा आणि शेवटच्या काही दिवसांत धावपळ करून गाड्या जुळवायच्या. अशा कारखान्यात ऑर्डर कधी पुरी होईल हे कोण सांगणार?

1949 मध्ये महागाई रोखायला सरकारने पैसा आवळला. ट्रक घेणारे हप्ते चुकवू लागले, विक्री बसली, कारखाना मात्र गाड्या काढतच होता. डिसेंबरात कामगारांनी 10 टक्के पगारकपात मान्य केली. बदल्यात कोणालाही काढणार नाही, असं कंपनीने लिहून दिलं. कर्ज देणाऱ्या बँकांनी विक्रीची कंपनी वेगळी करायची अट घातली, आणि ती जेवढ्या विकेल तेवढ्याच गाड्या बनवा असं बजावलं. किइचिरोंचं स्वतःचं तत्त्व त्यांना सावकारांकडून ऐकावं लागलं!

एप्रिल 1950 मध्ये माणसं कमी करण्याचा प्रस्ताव आला आणि संप पेटला. दिलेला शब्द मोडला होता आणि कामगारांचा राग रास्तच होता. जूनमध्ये किइचिरोंनी राजीनामा दिला. 2,000 हून अधिक कामगारही कंपनी सोडून गेले. एवढ्या माणसांची भाकरी गेल्यावर मालकाने खुर्चीला चिकटून राहायचं नाही, एवढं तरी त्यांनी पाळलं.

दैवगती बघा. त्याच महिन्याच्या 25 तारखेला कोरियात युद्ध भडकलं आणि जुलैत अमेरिकी सैन्याकडून 1,000 ट्रकची ऑर्डर आली. बुडत्या कंपनीला काठ मिळाला. नवे अध्यक्ष ताइझो इशिदा यांनी गाडा सावरला. ताइइची ओनो हे अभियंता पुढच्या कामाने मागितल्याशिवाय मागच्याने काही बनवायचं नाही, असा शिरस्ता हळूहळू बसवत होते. पुढे त्याला चिठ्ठीची जोड मिळाली, तीच कानबान पद्धत.

1952 मध्ये इशिदांनी किइचिरोंना परत बोलावलं. अध्यक्षपद पुन्हा त्यांच्याकडे यायचं होतं. पण 27 मार्चला मेंदूतल्या रक्तस्रावाने ते गेले. वय अवघं 57. टोयोटाची क्राउन ही मोटार बाजारात आली ती 1955 मध्ये.