चावी देतानाही चालणारे घड्याळ

चावीच्या घड्याळाचा काय भरवसा, असे कोणी म्हणाले की मला जॉन हॅरिसन आठवतो. १६९३ साली यॉर्कशायरमध्ये जन्मलेला हा इंग्रज सुतार. कोणा घड्याळजीच्या हाताखाली शिकला नाही. पण रोज चावी द्यावी लागणाऱ्या घड्याळावर जहाजभर माणसांचे प्राण सोपवता येतात, हे त्यानेच दाखवून दिले.

त्या काळी भर समुद्रात जहाज पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहे, हे कळत नसे. १७०७ मध्ये सिली बेटांच्या खडकांवर इंग्रजी आरमाराची चार जहाजे फुटली, शेकडो माणसे बुडाली. १७१४ मध्ये पार्लमेंटने या कोड्यावर २० हजार पौंडांचे बक्षीस लावले. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. बंदराची वेळ घड्याळ सांगेल, जहाजावरची सूर्य सांगेल. फरकावरून रेखांश निघतो. पण घड्याळ मिनिटभर चुकले तर विषुववृत्तावर जहाज २८ किलोमीटर चुकते!

हॅरिसनने आधी तीन अवजड यंत्रे बनवली. एकट्या तिसऱ्यावर १९ वर्षे गेली. मग १७५९ मध्ये त्याने चौथे पुरे केले, ते चक्क खिशातल्या घड्याळासारखे, मात्र १३ सेंटिमीटर रुंद आणि सुमारे दीड किलोचे. सेकंदाला पाच ठोके घेणारे त्याचे चाक लाटांच्या हेलकाव्यांना सहसा बधत नसे. उष्णतेचा परिणाम सावरायला पितळ आणि पोलाद जोडून केलेली पट्टी होती. चावी देताना त्या काळची घड्याळे अडखळत. याच्या आतली एक छोटी स्प्रिंग तेवढ्या वेळेपुरता जोर पुरवी. मला हीच युक्ती सर्वांत आवडते.

१७६१ मध्ये मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाला निघाला. घड्याळाची रोजची ठरावीक चाल हिशेबात धरता, ऐंशीएक दिवसांत चूक निघाली जेमतेम पाच सेकंदांची. (घड्याळ रोज तेवढेच मागे पडत असेल तर ते भरवशाचेच, लहरी घड्याळ मात्र कामाचे नाही. मी माझ्या जुन्या एचएमटीला रोज सकाळी एकाच वेळी, बोटांना अडेल तिथवरच चावी देतो.) परीक्षक मंडळाला तो नशिबाचा भाग वाटला. १७६४ च्या बार्बाडोस सफरीत ४७ दिवसांत ३९ सेकंद चुकले. मुभा दोन मिनिटांची होती, तरी अर्ध्याच बक्षिसाची तयारी दाखवली गेली. तीही घड्याळ उघडून सगळे समजावून सांगण्याच्या अटीवर. पुढे यंत्रे मंडळाने ताब्यात घेतली. ती नेताना पहिले यंत्र कामगारांच्या हातून पडले. आयुष्य ओतून केलेली वस्तू अशी आपटलेली पाहणे किती कठीण गेले असेल!

चौथ्या घड्याळाची लार्कम केंडल यांनी केलेली प्रतिकृती १७७२ मध्ये कॅप्टन कुक यांच्याबरोबर दक्षिण समुद्रात गेली. तिच्या पेटीला तीन कुलपे होती. कप्तान, पहिला लेफ्टनंट आणि खगोलज्ञ असे तिघे आपापली किल्ली घेऊन आले, तरच चावी देता येई. तीन वर्षांनी परतल्यावर कुक त्या घड्याळावर खूश होते.

तोवर राजा तिसरा जॉर्ज मध्ये पडला होता. १७७३ मध्ये पार्लमेंटने हॅरिसनला ८,७५० पौंड दिले. तेव्हा तो ऐंशीचा होता. तीन वर्षांनी वारला.

ती चारही यंत्रे आज ग्रीनिचला आहेत. पहिली तीन तेलाशिवाय चालतात, त्यामुळे अजून चालू ठेवली जातात. चौथ्याला तेल लागते आणि चालवले तर ते झिजेल, म्हणून त्याला चावी देत नाहीत.