मुक्ताचा निबंध आणि सावित्रीमाईंचा वर्ग

निबंध म्हणजे फळ्यावरून वहीत उतरवायचा मजकूर, असा समज आपल्या अनेक शाळांत आजही घट्ट आहे. क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांचे जीवन या समजाला चोख उत्तर आहे.

3 जानेवारी 1831 रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावात त्यांचा जन्म झाला. 1840 मध्ये जोतीरावांशी विवाह झाला, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जोतीरावांनी त्यांना घरी शिकविले. पुढे अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेऊन 1848 पासून त्या पुण्यात भिडेवाड्यातील मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. सनातन्यांनी अंगावर शेण-चिखल फेकला, राहते घर सोडावे लागले. पण त्यांनी शिकविणे सोडले नाही. 1854 मध्ये त्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह निघाला. उशिरा अक्षर हाती आलेल्या या बाईने त्या अक्षरांतून स्वतःचा विचार मांडला.

तेच बळ विद्यार्थिनींत उतरले. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. वेद फक्त ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कोणता, असा रोकडा सवाल तिने केला. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या आयाबायांचे हाल तिने मांडले. पाठांतरातून असा निबंध निघत नाही. शिकलेली भाषा आपल्या जगण्याला लावून पाहिली, म्हणजेच तो निघतो.

जोतीरावांच्या निधनानंतरही सावित्रीमाई सत्यशोधक कार्यात राहिल्या आणि प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना 10 मार्च 1897 रोजी गेल्या.

आज कायदाही त्यांच्याच वाटेने बोलतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 प्रमाणे मुलाला भीतीमुक्त ठेवून मोकळेपणाने मत मांडण्यास मदत करणे, हा अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाचा भाग आहे. म्हणजे गाईडमधला निबंध घोकून घेणे ही केवळ वाईट सवय नाही, ती मुलाच्या हक्काची पायमल्ली आहे.

म्हणून तुळजापूर तालुक्यातील तामलवाडीपासून मुंबईच्या वस्तीपर्यंत प्रत्येक पालकाने मुलाची वही उघडून पाहावी. गुण किती मिळाले हे नंतर विचारावे. धड्यातले काय पटले, काय पटले नाही आणि आपल्या घराशी त्याचा संबंध काय, हे आधी विचारावे. शिक्षकांनी अशा चार ओळी दर आठवड्याला लिहून घ्याव्यात. शुद्धलेखनाच्या चुका नंतर सुधारतील. मुक्ताच्या लेकी-नातींच्या हातात स्वतःचे वाक्य देणे, हेच सावित्रीमाईंना खरे अभिवादन!